फुली की प्रदक्षिणा

मामंजी,

तेराव्याला आलेल्या सगळ्यांनी तुमच्याबद्दल बोलून घेतलं. कडक होते, शिस्तीचे होते, पलटणीच्या दवाखान्यात उमर गेली पण संध्या चुकवली नाही, असं बरंच काही. मग तुंगार्लीच्या काकू डोळे पुसत म्हणाल्या, "शेवटपर्यंत नामस्मरण चालू होतं हो. मी स्वतः पाहिलं, ओठ हलत होते." मला हसू आवरेना. पदर तोंडाशी नेला, तर शेजारच्या बाईंनी माझ्या पाठीवरून हात फिरवला. त्यांना वाटलं, सून रडतेय. त्यांना कसं सांगू, की ते नामस्मरण चीनच्या बादशहांचं होतं? खांगशी, युंगचंग, छ्यनलुंग, च्याछिंग, ताओक्वांग. झोप लागेना की तुम्ही हीच माळ ओढायचात.

बाकीच्यांनी सांगितलं ते त्यांच्यापाशी. माझ्याजवळ आहे ते तुमच्याशिवाय कुणाला कळणार नाही, म्हणून तुम्हालाच सांगतेय.

मी या घरात आले तेव्हा सासूबाईंना जाऊन बरीच वर्षं झाली होती. घरात तुम्ही, हे आणि मी. ह्यांची नोकरी रेल्वेच्या तारऑफिसात, पाळी कधी कुठली येईल याचा नेम नाही. म्हणजे दिवसचे दिवस घरात माणसं दोनच, आणि त्या दोघांनी एकमेकांशी बोलायचं नाही अशी रीत. माझ्या माहेरी निरोप पोचवायला घरभर बायका होत्या. इथं कोण? तुम्ही त्यावर तोडगा काढलात. ओटीवरच्या खांबाला सांगायचात. "चहा झाला असेल तर बरं." "आज आमटीत मीठ दोनदा पडलंय." खांब ऐकायचा, माजघरातून मी ऐकायची, आणि चहा यायचा. आमटीचं मात्र मला आठवडाभर लागून राहिलं होतं.

दुपारी तुम्ही ओटीवर घोंगडी पसरून ती पिशवी उघडायचात. चीनच्या मोहिमेवर पलटणीचा दवाखाना गेला तेव्हा तिकडून आणलेली नाणी. पितळेची, मध्ये चौकोनी भोक, भोकाच्या चारी बाजूंना एकेक अक्षर. तिकडे ती दोरीत ओवून खांद्यावर टाकून बाजाराला जातात, असं तुम्ही शेजाऱ्यांना सांगताना मी ऐकलं होतं. पेन्शन घेतल्यावर सगळी वाचायची, राजाराजांची वेगळी करायची, असं तुम्ही वर्षानुवर्षं मनाशी धरलं होतं. आणि पेन्शन झाली तोवर डोळ्यांत मोतीबिंदू उतरला. हे तुम्ही कुणाला सांगितलं नव्हतं. नाणं नाकाशी न्यायचात, उन्हाकडे फिरवायचात, आणि ठेवून द्यायचात कुठल्यातरी ढिगात.

एकदा तुम्ही परसात गेला होता आणि मी ओटी झाडत होते. मला त्या अक्षरांतलं काही कळत नव्हतं. पण एका ढिगात सगळ्या नाण्यांचं वरचं अक्षर एकसारखं आणि एकाचंच निराळं, हे कळायला चिनी यावं लागत नाही. मी ते उचललं आणि जुळत होतं त्या ढिगात ठेवलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा एक नाणं चुकीच्या जागी. तेही हलवलं. तिसऱ्या दिवशी चुकीची चांगली मूठभर निघाली. तेव्हा माझ्या ध्यानात आलं की ही चूक नव्हे, ही परीक्षा आहे. मी सगळी लावली आणि माजघरात पळाले. तुम्ही येऊन बसलात. एकेक नाणं डोळ्यांजवळ नेलंत. बऱ्याच वेळानं खांबाला म्हणालात, "या खांबाला अक्षर कळतं, वाटतं."

माझ्या तोंडून निघून गेलं, "खांबाला नाही."

मामंजी, तुमच्याशी बोललेले माझे हे पहिले शब्द. बोलून झाल्यावर मी चुलीपाशी जाऊन बसले आणि आता माहेरी धाडतात की काय म्हणून वाट पाहत राहिले. ओटीवरून आवाज आला, "मग ज्याला कळतं त्यानं पाटी घेऊन दाराशी बसावं."

पाटी कधीची कोण जाणे, ह्यांच्या शाळेतली होती. तुम्ही ओटीवर, मी दाराआड, मध्ये उंबरा. तुम्ही बोटांनी हवेत काढून दाखवायचात आणि मी पाटीवर उतरवायची. आधी वरचं वाचायचं, मग खालचं, मग उजवं, मग डावं. वर-खाली राजाच्या काळाचं नाव. उजवीकडे थुंग, डावीकडे पाओ. थुंग म्हणजे चालणारा, पाओ म्हणजे ठेवा, मिळून चलनातला ठेवा. हे तुम्हाला तिकडच्या दवाखान्यात भांडी घासायला असलेल्या एका म्हाताऱ्यानं शिकवलं होतं. मी म्हटलं, "पाव सगळ्यांतच आहे. मग तो पाहायचा कशाला?" तुम्ही इतके हसलात की खोकला लागला. त्यानंतर आपल्या घरी डाव्या अक्षराचं नाव पावच राहिलं.

मागची बाजू मला आधी भीतीदायक वाटायची. तिथं राजाच्या स्वतःच्या मांचू लिपीतले दोन शब्द, उभे, वरून खाली लोंबणारे. एक सगळीकडे तोच, दुसरा टांकसाळीचा. एकाच राजाची, पुढून अगदी सारखी नाणी, पण मागच्या उजव्या शब्दाच्या डोक्याशी एक वळण बदललं की टांकसाळ बदलली. राजधानीतल्याच दोन टांकसाळी, पण हिचा माल तिच्यात मिसळता कामा नये. तुम्ही म्हणालात, "एवढं बारीक मला आता दिसायचं नाही, सूनबाई." डोळ्यांचं तुम्ही पहिल्यांदा कबूल केलंत ते असं, नाण्याच्या निमित्तानं. आणि सूनबाई म्हणालात तेही पहिल्यांदा.

मग गावात कुठून बातमी फुटली देव जाणे. चीनला जाऊन आलेले शिपाई आपल्या मावळात थोडे नव्हेत, आणि भोकाचं नाणं म्हटल्यावर त्यांच्या बायकांनी ते काळ्या दोऱ्यात ओवून पोरांच्या गळ्यात घातलेलं. नवलाख उंबरे गावच्या एका शेतकऱ्यानं तर बैलाच्या घुंगुरमाळेत घातलं होतं. लोक नाणं घेऊन यायचे. तुम्ही ते हातात घ्यायचात, बोटं फिरवायचात आणि हळूच हात मागं करून दाराच्या फटीतून माझ्याकडे सरकवायचात. मी कुजबुजायची, "छ्यनलुंग." तुम्ही घसा खाकरून सांगायचात, "छ्यनलुंग. मोठा राजा. खूप वर्षं राज्य केलं." कान्हे गावचे हवालदार खाली जाऊन सांगत सुटले, की लोणावळ्याचे आबा चिनी लिपी बोटांनी वाचतात. ते ऐकून तुम्ही इतके खूश झालात की दुसऱ्या दिवशी मला खांबाकरवी विचारलंत, "खांबाला काही हवंय का बाजारातून?" मी आवळे मागवले.

आपला पहिला मोठा तंटा खांगशीवरून. त्या ढिगातलं एक नाणं मला वेगळं दिसायचं. खालच्या अक्षरात डाव्या अंगाला एक उभी रेघ असते, ती त्यात नव्हती. मी सांगितलं. तुम्ही म्हणालात, झिजली असेल. मी म्हटलं, झिजली असती तर शेजारच्या रेघाही झिजल्या असत्या, त्या तर धारदार आहेत. तुम्ही म्हणालात, खांगशी सगळे सारखे, मी तिकडे पायलीनं पाहिलेत. मी म्हटलं, पायलीनं पाहिलेत म्हणून एकेक पाहिलं नसेल. हे जास्त झालं. तुमचा आवाज चढला, "मला दिसत नाही म्हणून काहीही सांगशील?"

"दिसत नाही तर डोळे करून घ्या," मी म्हणाले. "मग स्वतः पाहा आणि मला खोटी पाडा."

बोलले ते दाराआडून निघून उंबऱ्याशी उभी राहून, तुमच्या समोर. पदर डोक्यावर होता एवढंच.

तुम्ही बोलणं टाकलंत. खांबाशीसुद्धा. हे घरी आले तेव्हा घाबरून मला म्हणाले, "अगं, त्यांना त्या शस्त्रक्रियेची धास्ती आहे. दवाखान्यात त्यांनी लोकांचे डोळे गेलेले पाहिलेत. आम्ही किती वर्षं मागे लागलोय, कुणाचं ऐकत नाहीत." मला हे ठाऊक नव्हतं. ठाऊक असतं तर इतकं तोडून बोलले नसते, आणि मग तुम्ही गेलाही नसतात. कारण त्या आठवड्याच्या शेवटी तुम्ही कोट चढवून ओटीवर उभे राहिलात आणि ह्यांना म्हणालात, "पुण्याच्या गाडीला चल. हिला खोटी पाडून येतो."

दवाखान्यात डोक्याच्या दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या लावून तुम्हाला उताणं निजवलं होतं. हलायचं नाही, खोकायचं नाही. डोळ्यांना पट्ट्या. तुम्हाला फार भीती वाटत होती ना? चादरीवर तुमची बोटं सारखी नाणं चाचपल्यासारखी हलत होती. मग माळ सुरू झाली. खांगशी, युंगचंग, छ्यनलुंग. शेजारच्या खाटेवर बाहेरगावचे एक म्हातारबुवा होते, त्यांच्याही डोळ्यांवर पट्ट्या. त्यांनी भक्तिभावानं विचारलं, "कोणतं स्तोत्र म्हणायचं हे?" तुम्ही म्हणालात, "उत्तरेकडचं आहे." बुवांनी ते शिकून घेतलं. घरी गेल्यावरही ते रोज म्हणत असतील, मामंजी. फळही मिळत असेल.

जाड भिंगांचा चष्मा लावून तुम्ही घरी आलात, तो चहासुद्धा न घेता घोंगडी मागवलीत. ऊन चांगलं होतं. ते नाणं हातात घेतलंत, शेजारी दुसरा खांगशी धरलात. मी दारात उभी. तुम्ही कितीतरी वेळ पाहत होता. मग नाणं खाली ठेवून म्हणालात, "नाही. रेघ नाही. नव्हतीच कधी."

आणि मान वर करून माझ्याकडे पाहिलंत. लग्नात माझं तोंड मुंडावळ्यांत होतं, पुढे रीत होती, मग मोतीबिंदू. तुम्ही मला नीट असं कधी पाहिलंच नव्हतं. मला वाटलं आता काही तरी आशीर्वादाचं बोलाल.

"तू एवढी उंच आहेस होय?" तुम्ही म्हणालात. "मला ठेंगणी वाटली होतीस. आवाज ठेंगणा आहे तुझा."

त्या दिवसापासून खांब सुटला.

त्या बिनरेघेच्या नाण्याचा उलगडा केला तो कापडवाल्या लीनं. उन्हाळ्यात बंगले भरले की तो चिनी फेरीवाला सायकलच्या मागे रेशमाचं गाठोडं बांधून लोणावळ्यात यायचा. तुम्ही त्याला हटकून ओटीवर बसवलंत. त्यानं ते नाणं पाहिलं आणि कपाळाला लावलं. त्याच्या मोडक्या हिंदीतून आपल्याला कळलं ते असं, की देवळातल्या साधुसंतांच्या पितळी मूर्ती वितळवून त्यातून राजाच्या साठीला ही नाणी पाडली, म्हणून खूण म्हणून अक्षर निराळं. खरं की नुसती तिकडची दंतकथा, त्याला माहीत नव्हतं. त्याच्या गावी मुलीच्या लग्नात असं नाणं मिळालं तर भाग्य समजतात. त्यानं आणखी दोन नाणी निवडून शेजारी शेजारी ठेवली आणि सांगितलं, दोन्हींवर एकच मजकूर आहे. आपला विश्वास बसेना. एकातली अक्षरं ठाशीव, वेलबुट्टीसारखी वळलेली, दुसऱ्यातली भरभर ओढलेली. तुम्ही मांडीवर थाप मारलीत. "अगं, हे बाळबोध आणि हे मोडी! एकच हुकूम, दोन कारकून!" पिशवीतली निम्मी न लागलेली नाणी त्या दुपारी लागली. कापडवाल्याला चहा दिला तो बाजूला ठेवलेल्या कपातून. तो गेल्यावर त्याच कपात तुम्ही स्वतःला चहा ओतून घेतलात आणि माझ्याकडे पाहिलंत. मी तो कप घासून फळीवर आपल्या कपांत ठेवला.

आणि जाता जाता लीनं आपल्यात कायमची काडी लावून दिली. पिशवीतल्या एका जुन्या, रुंद काठाच्या नाण्यावरून. वर खाय, खाली युआन, उजवीकडे थुंग, डावीकडे पाव. तुमच्या रीतीनं वाचलं तर खाय-युआन थुंग-पाओ. वरून सुरुवात करून गोल फिरलं तर खाय-थुंग युआन-पाओ. तुम्ही त्याला विचारलंत, खरं कोणतं? त्यानं एकदा असं वाचलं, एकदा तसं वाचलं, आणि दात काढून म्हणाला, "ये भी ठीक, वो भी ठीक." त्याच्या गावचे पंतोजीही यावरून भांडायचे म्हणे.

तुम्ही वर-खाली-उजवं-डाव्याची फुली धरलीत, मी गोल प्रदक्षिणा. तुमचं म्हणणं, खाय-युआन हे एका राजाच्या काळाचं नाव आहे, आणि नाव आधी, हा नियम. एका नाण्यासाठी नियम मोडायचा नाही. माझं म्हणणं, ली म्हणाला की नाणं त्या राजाच्या आधीच निघालं होतं; मग जन्मायच्या आधी बारसं कसं? शिवाय तुमच्याच पिशवीतली कितीतरी जुनी नाणी प्रदक्षिणेनं वाचतात. तुम्ही म्हणालात, ती नंतरची, ती बिघडलेली. मी म्हटलं, तुमच्या मताविरुद्ध जे जाईल ते बिघडलेलं. हे ताटावरून उठून जायचे. "तुम्हा दोघांसकट त्या चिन्याला पोलिसात देईन," म्हणायचे. वर्षानुवर्षं आपण भांडलो, मामंजी. सकाळी तुम्ही अंगणातून यायचात ते नवा मुद्दा घेऊनच. मी पोळ्या लाटता लाटता त्याचा समाचार घ्यायची. इतकं सुख झालं त्या भांडणात, की ते मिटू नये म्हणून आपण दोघंही जपून वार करत होतो असं मला आता वाटतं.

एक गोष्ट मी तुम्हाला कधी बोलले नाही. आपली सोनी जाऊन थोडेच दिवस झाले होते. माझी पोर, जेमतेम हसायला लागली होती. घरात येणारं प्रत्येक माणूस मला काही ना काही सांगून जात होतं, देवाची इच्छा, पुन्हा होईल, अजून वय आहे. तुम्ही काहीच बोलला नाहीत. हे म्हणालेही, "बाबांनी दोन शब्द बोलायला हवे होते." मग एका दुपारी तुम्ही माजघराच्या उंबऱ्याशी आलात. हातात सूप, सुपात नाणी. "हे सगळं एकमेकांत मिसळलंय, सूनबाई. मला होत नाही. वेगळं करून दे."

मी सूप पुढ्यात घेतलं. छ्यनलुंगवर ताओक्वांग, मांचू टांकसाळी एकमेकींत. मला काही सुचत नव्हतं, पण हात चालायला लागले. वर, खाली, उजवं, डावं. संध्याकाळपर्यंत बसले होते. त्या संध्याकाळी मी पहिल्यांदा भूक लागली म्हणून जेवले. आणि मामंजी, ती नाणी मी ओळखली होती. बाळंतपणाला जाण्याआधी मीच ती निवडून पुड्या बांधून ठेवल्या होत्या, एकेका पुडीला माझ्या हातची गाठ होती. तुम्ही बसून सगळ्या पुड्या सोडल्या होत्या आणि सगळं कालवलं होतं. इतक्या वर्षांची मांडणी एका दुपारी मोडलीत, मला करायला काही असावं म्हणून. मला हे तेव्हाच कळलं होतं. कळलंय असं तुम्हाला कळू दिलं नाही. आज सांगते.

या पावसाळ्यात तुम्ही अंथरूण धरलंत. छातीत कफ, हवा ओली, पांघरुणं वाळायची नाहीत. युद्धामुळे रॉकेल मोजून मिळत होतं, तरी तुमच्याजवळचा कंदील आम्ही विझवला नाही. डॉक्टरांनी ह्यांना बाहेर नेऊन सांगितलं ते मला ह्यांच्या चेहऱ्यावरून समजलं. तुम्हाला सांगायचं नाही असं ठरलं.

औषधाचा चमचा घेऊन मी आले तेव्हा तुम्ही डोळे उघडलेत. चष्मा नव्हता, पण मी आहे हे कळलं. अगदी बारीक आवाजात म्हणालात, "फुली."

हे माझ्या मागे उभे होते. त्यांनी माझ्या खांद्याला हात लावला, म्हणजे हो म्हण. मी म्हटलं, "प्रदक्षिणा. आणि औषध घ्या."

तुम्ही औषध घेतलंत. ओठांच्या कडेला ते तुमचं हसू आलं, मुद्दा सुचला की यायचं ते. "उद्या बघतो," म्हणालात, आणि डोळे मिटलेत. त्यानंतर माळ चालू होती, पण आमच्याशी असं तुम्ही काही बोलला नाहीत.

मागाहून ह्यांना फार लागलं. म्हणाले, "एकदा हो म्हटलं असतंस तर काय बिघडलं असतं? म्हातारा माणूस जाताना जिंकून गेला असता." मी त्यांना समजावू शकले नाही. तुम्हाला समजावायची गरज नाही. मी हो म्हटलं असतं तर त्याच क्षणी तुम्हाला कळलं असतं, की तुम्ही जाताय. जिंकायला तुम्हाला कुठं हवं होतं? तुम्हाला उद्या हवा होता. माझ्याजवळ तेवढाच होता, तो दिला.

आता खरं कारण सांगते, आज हे लिहायला का बसले.

काल सकाळी ओटीवर आवाज आला, "आबा हायती का घरात?" दारातून पाहिलं. एक तरुण बाई, पायांना चिखल, कडेवर पोरगी, तिच्या गळ्यात काळा दोरा.

"आबा गेले गं," मी आतूनच म्हटलं. "पंधरवडा झाला."

ती मटकन पायरीवर बसली. "आता वो वैनी? सुदुंबऱ्यासनं आले मी. लय इचारून इचारून आले." मग रडू गिळून सांगायला लागली. पोरीला सारखा ताप येतो. सासू म्हणते, गळ्यात परक्या मुलखाचं लिवलेलं घातलंय, त्यात काय मंतर हाय कुनाला ठावं, नदीत टाकून दे. "पर त्ये माज्या बाचं हाय वैनी. चीनवरनं आनलेलं. बा तर गेला. माज्याकडं त्याचं येवडंच हाय. कुनी वाचून सांगितलं आसतं, त्यात वंगाळ न्हाई म्हनून, तर ऱ्हायलं आसतं. सगळी म्हनली, लोनावळ्याचं आबा बोटांनी वाचत्यात."

मामंजी, सवयीनं मी दाराच्या फटीशी हात नेला होता. पलीकडून नाणं सरकवणारं कुणी नव्हतं. मग मी दार उघडलं, ओटीवर आले, तुमच्या घोंगडीवर बसले आणि म्हटलं, "दे इकडे. मी वाचते."

उजेडाकडे धरलं. उजवीकडे थुंग. डावीकडे पाव. खालचं अक्षर ओळखीचं, ताओक्वांगनंतरच्या थुंगची राजाच्या नाण्यावर असतं तेच, ची. म्हणून वर पाहिलं, तर वरचं निराळं. भरगच्च, उजवीकडे दाट रेघांचं, मी कधीच न पाहिलेलं. आणि नाणंही थुंगचीसारखं हलकं नव्हे, चांगलं जुनं, जड. मी तुमची माळ मनात म्हणत गेले. ची कुणाच्या नावाच्या शेवटी येतो? थुंगची. आणि अगदी सुरुवातीला, खांगशीच्याही आधी, त्याचा बाप. शुनची. त्याचं नाणं आपल्या पिशवीत कधी नव्हतं, म्हणून ते नाव मी कधी मनावर घेतलं नव्हतं, तुम्हीही बहुतेकदा गाळायचात. मागं पाहिलं. मांचू अक्षरं, टांकसाळीसकट, म्हणजे राजा मांचूच. शुनचीच. दुसरं कुणी असूच शकत नाही.

मी मान वळवून घरात तुम्हाला हाक मारणार होते. तोंड उघडलंही होतं.

ती बाई माझ्याकडे बघत होती. "काय लिवलंय वो?"

"राजाचं नाव लिहिलंय," मी म्हटलं. "शुनची. आणि चलनातला ठेवा, असं. मागं टांकसाळीचं नाव आहे. मंत्र नाही, चेटूक नाही, काही नाही."

"राजा चांगला व्हता का?"

"ते नाण्यावर लिहीत नाहीत."

तिनं पोरीच्या गळ्यातला दोरा सारखा केला. मी तिला गूळ-पाणी दिलं. आपल्या डॉक्टरांकडे पोरीला दाखवून मगच गाडीला जा, म्हणून त्यांचं घर सांगितलं, आणि सासूला काय सांगायचं तेही नीट घोकवून घेतलं. जाताना ती पायरीवर थांबली. तिला अजून थोडा धीर हवा होता.

"वैनी, आबा आसतं तर त्ये बी ह्येच म्हनलं आसतं ना?"

"व्हय गं," मी म्हटलं. "हेच म्हणाले असते. पण आधी माझ्याशी भांडले असते."

ती हसली, आणि आई हसली म्हणून तिची पोरगीही.